पोळ्याच्या दिवसाची नोंद

टेंभरे गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी कायम एक स्टीलची पट्टी असे. इतर माणसं भेटली की ख्यालीखुशाली विचारतात, गुरुजी आधी माप विचारत. आमच्या घरी नवी म्हैस आली तेव्हा अख्खं गाव ती किती दूध देते ते विचारत होतं. गुरुजींनी तिच्या शिंगांमधलं अंतर घेतलं आणि वहीत टिपून ठेवलं. कशासाठी, ते त्या म्हशीलाही कळलं नसेल. गावच्या शाळेत पाचवी ते सातवी त्यांनी मला शिकवलं, आणि त्या तीन वर्षांत 'खूप', 'थोडं', 'जवळच' आणि 'आत्ताच' हे शब्द माझ्या तोंडून जवळजवळ गेलेच.

"लय म्हंजे किती वो?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. एकदा मी शाळेत उशिरा पोचले आणि "घर लांब हाये गुरुजी" असं सांगून टाकलं. मधल्या सुट्टीत गुरुजींनी सायकल काढली, पुढच्या चाकाच्या आऱ्याला लाल चिंधी बांधली आणि मला शेजारून चालायला लावलं. चिंधी खाली आली की मी मोठ्यानं आकडा म्हणायचा. शाळेपासून आमच्या अंगणापर्यंत दोनशे सात फेरे झाले. गुरुजींनी पायरीवर बसून गुणाकार केला, आईनं दिलेलं पाणी प्यायलं आणि म्हणाले, "साडेचारशे मीटर भी नाई. घर लांब नाई तुहं. तू उशिरा उठून राहिली." आई हसली. मला मात्र त्या दिवशी फार राग आला होता.

कामठ्याच्या पुढचं आमचं गाव लहान, भाताचं. भाताच्या वाफ्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि दोन बांध्यांमधल्या बांधाला धुरा. या धुऱ्यावरून भाऊबंदांत जेवढी भांडणं होतात तेवढी लग्नात मानपानावरूनही होत नाहीत. अशा वेळी तलाठ्याच्या आधी गुरुजींना बोलावणं जाई. ते दोरी घेऊन येत, काही न बोलता मोजत, आकडा सांगत आणि चहाला न थांबता निघून जात. "गुरुजीनं मोजलं" एवढं म्हटलं की भांडण मिटे. हरलेला माणूसदेखील दुसऱ्यांदा मोजा म्हणत नसे.

गोंदियाला जाताना मात्र त्यांची फार पंचाईत होई. स्टँडवर एकदा मी त्यांच्यासोबत ऑटोत बसले होते. ऑटोवाला सवाऱ्या भरायची वाट पाहत होता. "बस पाँच मिनट, सर," तो म्हणाला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. पाच मिनिटं झाली तसे ते खाली उतरले आणि चालू लागले. ऑटोवाला मागून ओरडला, "अरे गुरुजी, पाँच मिनट मतलब पाँच मिनट थोड़ी होता है!" गुरुजी वळून म्हणाले, "मंग काऊन सांगितलं पाच?" आम्ही उन्हातून रेल्वे फाटकापर्यंत पायी गेलो. वाटेत ते मला समजावत होते, "अंदाज म्हंजे आळशी मानसाचं माप. मोजता येते तिथं अंदाज करू नोको. अना मोजलं नाई तं नाई मोजलं म्हनून सांग. त्यात लाज नाई."

हे वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलं असेल! अकोल्याला शेतकी शिकताना होस्टेलमध्ये ऐकवलं, आणि इटलीला आल्यावर मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये इथल्या मुलांनाही ऐकवलं.

इटलीला मी भात शिकायला आले, हे सांगितलं की लोक हसतात. पण उत्तर इटलीत आमच्या जिल्ह्यासारखीच भाताची सपाट शेतं आहेत. एप्रिल-मेमध्ये त्यांत पाणी सोडतात, बगळे येतात, आणि दुरून पाहिलं तर आपण गोंदियाहून कामठ्याला चाललोय असं वाटतं. फक्त शेतात माणूस दिसत नाही. मी निघाले तेव्हा गुरुजी निवृत्त झाले होते आणि पूर्णवेळ शेती करत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं धान होते?" होतं म्हटल्यावर म्हणाले, "मंग मानसं बरी असतीन." पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो जेवणाखाण्याची चौकशी करायला नव्हता. "तिथली बांधी किती लांब हाये? पावलानं मोज अना सांग." मी थंडीत कुडकुडत एक धुरा मोजून आले.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी गुरुजींनाच त्यात ओढलं. पाणी कमीजास्त झालं की भाताची उंची आणि फुटवे कसे बदलतात, याची इथल्या शेतातली आणि आमच्या गावातली नोंद मला ताडून पाहायची होती. इथल्या नोंदी मी घेणार, गावातल्या गुरुजी घेणार, त्यांच्या नाल्याकाठच्या बांधीत. रोवणीपासून कापणीपर्यंत दर दहाव्या दिवशी दहा ठरलेल्या रोपांची उंची आणि फुटवे, अशा बारा नोंदी. माझ्या मार्गदर्शक लुचिया यांना कल्पना फार आवडली. दोन्ही देशांच्या नोंदी नीट जुळून आल्या तर याच कामावर पुढची तीन वर्षं संशोधनाची जागा देते, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की मी त्या दिवशी कोणाला न सांगता स्वतःला आइस्क्रीम खाऊ घातलं.

गुरुजींनी काम अगदी मनावर घेतलं. दर दहा दिवसांनी त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो येई. निळ्या शाईतले ठसठशीत आकडे, खाली सही आणि तारीख. रोपांचेही फोटो पाठवा म्हटलं की म्हणत, "फोटोत सगळंच हिरवं दिसते. आकडा पाह्य." बाबांशी बोलताना मी विचारी, गुरुजींचं कसं चाललंय? बाबा म्हणत, "तुह्याच कामाले लागून हाये ना बुढा. पाऊस लय झाला यंदा, बाकी सगळं बरं." मीही मग निवांत असे. ऋणनिर्देशाचं पान मी सगळ्यात आधी लिहून ठेवलं होतं, आणि त्यात पहिलं नाव गुरुजींचं होतं. तसं त्यांना कळवलंही. त्यांनी ते सगळ्या गावाला सांगितलं, हे मला नंतर समजलं.

जानेवारीत आलेख तयार झाले. लुचिया माझ्या टेबलाशी कॉफी घेऊन उभ्या होत्या. इथल्या नोंदींची रेघ दोनदा तुटली होती, एकदा मी तापानं पडले होते म्हणून आणि एकदा ऑगस्टच्या मध्यावर. तेव्हा इथे सगळा देशच सुट्टीवर जातो आणि शेतावर न्यायला गाडी मिळत नाही. गुरुजींची रेघ मात्र एकसंध होती. लुचिया हसून म्हणाल्या, "तुझे गुरुजी कधी सुट्टी घेत नाहीत का? तुमच्याकडे सण नसतात?"

मला तर तेवढंच हवं होतं. सण नसतात म्हणजे काय! मी त्यांना पोळा सांगायला घेतला. बैलांना आंघोळ घालतात, शिंगं रंगवतात, त्या दिवशी बैलाला काम नाही आणि माणसालाही नाही. आमच्या गुरुजींच्या घरी तर याहून कडक नियम आहे, मी सांगत होते. पोळ्याला धान गर्भार असतं, म्हणून त्या दिवशी बांधीत पाय ठेवायचा नाही. लहानपणी मी त्यांच्या बांधीत पडलेली माझी चप्पल काढायला पोळ्याच्या दिवशी एक पाय आत टाकला होता, तर गुरुजी धुऱ्यावरून केवढे ओरडले होते. "निघ बाहेर! आज धान पोटुशी हाये!" मोजल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा हा माणूस या एका गोष्टीत हट्टी होता. मी त्यांना एकदा विचारलंही होतं, हे कुठं मोजलं तुम्ही? तर म्हणाले, "हे माह्या मायनं सांगितलं. मायले पट्टी लावत नाई." दर वर्षी पोळ्याला ते स्वतः धुऱ्यावरूनच परत फिरत. एवढं सगळं सांगताना मी लुचियांना दाखवायला म्हणून त्या आठवड्याचं पान उघडलं.

पानावर पोळ्याची तारीख होती. दहा रोपांची उंची होती, फुटवे होते, खाली सही होती.

मी बोलायची थांबले. लुचियांना वाटलं मला शब्द सापडत नाहीयेत. मी म्हटलं, एक फोन करून येते, आणि बाहेर व्हरांड्यात आले. बाहेर धुकं होतं. मी गुरुजींना नाही, बाबांना फोन लावला. सरळ विचारलं, "बाबा, गुरुजींची नाल्याकाठची बांधी यंदा कापली का?"

बाबा म्हणाले, "कोनं सांगितलं तुले?"

"कोणी नाही सांगितलं. तुम्ही सांगा."

"नाल्याले पूर आलता. पोळ्याच्या पंधरा दिवस आधी. सगळी बांधी रेतीनं भरली ना वो. काहीच नाई राहिलं. गुरुजीच म्हने, पोरीले सांगू नोका, तिचा अभ्यास हाये. मंग आमी भी नाई बोललो."

पुराची तारीख धरली तर बारा नोंदींपैकी चारच खऱ्या होत्या. उरलेल्या आठ गुरुजींनी घरी ओट्यावर बसून, दिनदर्शिका समोर ठेवून लिहिल्या होत्या. दहा दिवस मोजताना मध्ये पोळा आला हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. बांधीत उतरणारा माणूस ती तारीख कधीच चुकला नसता. ओट्यावर बसलेला चुकला.

त्याच दुपारी मी गुरुजींना फोन केला. तिकडे चार वाजून गेले होते. ते आनंदानं म्हणाले, "बोल वो पोरी! झाली का तुही पोथी लिवून?" मी म्हटलं, "गुरुजी, पोळ्याच्या दिवशी तुम्ही बांधीत उतरलात?" त्यांना लगेच कळलं. हुशार माणूस होता. लपवाछपवीही केली नाही.

"बांधी वाहून गेली. तुले सांगून तू रडतच बसली असती. तिथं तुले कोन हाये?"

"मग आकडे?"

"चाळीस वर्स धान करून राहिलो मी. या दिवसात धान किती वाढते हे मले माहीत नाई का? दोन बोटं इकडंतिकडं होईल."

"तुम्ही अंदाजानं लिहिलंत."

"तुह्यासाठी लिवलं. सोतासाठी एक आकडा खोटा नाई लिवला आजवर."

"मी तुम्हाला मागितलं होतं का?" माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातून जाणारी दोन पोरं वळून पाहत होती. मी गुरुजींशी अशी कधी बोलले नव्हते.

तेव्हा ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "कायले एवढी तापून राहिली? तिथून कोन येनार हाये नाल्यावर पाहाले? कागद भरला, तुही डिग्री झाली, बस्स."

मी फोन बंद केला. पूर आला याचा मला राग नाही, नाल्याला कोण काय करणार! खोटे आकडे लिहिले, तेही कदाचित मी गिळलं असतं. पण माझं शिकणं या माणसाच्या लेखी कागद भरणं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी धुक्यात उभी राहून ज्या कामासाठी जीव आटवत होते ते त्यांना एक फॉर्म वाटत होतं. ज्या माणसानं मला मोजायला शिकवलं त्यानंच असं म्हणावं! मला फसवल्यासारखं वाटलं नाही, मला फसवलंच होतं. सगळ्या गावानं, माझ्या बापानं, आणि सगळ्यांत पुढे गुरुजींनी.

आणि त्यांनी वेळेत सांगितलं असतं तर काम वाचलं असतं, हे मला जास्त झोंबतं. ऑगस्टमध्ये आमच्या बाबांची वरची बांधी धडधाकट उभी होती. त्याच आठवड्यात रोवलेली, तेच बियाणं. पाचव्या नोंदीपासून तिथे मोजायला कोणीही उभा राहिला असता, मी बाबांनाही शिकवलं असतं. नोंदींत एक खाडा पडला असता आणि मी खाली टीप दिली असती, नाल्याला पूर आला. लुचियांना ती टीप आवडलीही असती. पण मी काय सहन करू शकते आणि काय नाही, हे गुरुजींनी ठरवून टाकलं. त्याचं मात्र त्यांनी माप घेतलं नाही.

चार दिवस मी गप्प राहिले. खोटं कशाला बोलू, त्या चार दिवसांत मी आकडे तसेच ठेवायचाही विचार केला. खरंच कोण येणार होतं नाल्यावर? ती तारीख फक्त मला वाचता येत होती. लुचियांना पोळा कधी येतो हे आयुष्यात कळलं नसतं. मी ते पान उघडायची, निळ्या शाईतली सही पाहायची आणि बंद करायची. एकदा तर मी माझ्या तक्त्यात ती तारीख एक दिवस पुढे करून पाहिली. संगणकावर एवढंसं काम असतं. मग मलाच घाण वाटली आणि मी ती होती तशी केली.

पाचव्या दिवशी मी लुचियांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गावाकडच्या आठ नोंदींवर पेन्सिलनं आडवी रेघ मारली, मग थोडं थांबून पहिल्या चारांवरही मारली. "या चार खऱ्या आहेत," मी म्हटलं. "असतील," त्या म्हणाल्या, "पण आता हे तुला कोण सांगणार?" प्रबंध अर्धा राहिला. फक्त इटलीतल्या शेताचा. पदवी मिळेल, बेताच्या गुणांनी. संशोधनाची जागा दोन देशांच्या कामाला होती, ती दुसऱ्या मुलाला गेली. तो चांगला मुलगा आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

आता माझे इथले तीन आठवडे उरलेत. कुकर खालच्या मजल्यावरच्या बांगलादेशी मुलीला दिलाय. जाड कोट कोणाला हवा असेल तर विचारतेय, गोंदियात त्याचं काय करू! गावी परत जायचं म्हणजे गुरुजींच्या घरावरून जायचं, दुसरा रस्ता नाही. बरं, राग धरून बसले तरी डोक्यात एक वेगळाच घोळ चालू असतो. गावातल्या बहेकार भावांच्या धुऱ्याचं भांडण गुरुजींनी एका दोरीत मिटवलं होतं, ती दोरी तरी त्यांनी नीट धरली होती का? हरलेला भाऊ म्हातारा होता, पोरांना तोंड दाखवायला लाजत होता. त्याची हार थोडी हलकी व्हावी म्हणून गुरुजींनी दोन बोटं इकडंतिकडं केली नसतील कशावरून? याआधी असला विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. आता तो जात नाही, आणि याचाही राग मी गुरुजींवरच काढते.

परवा दुपारी त्यांचा फोन आला. दीड महिन्यानं. आवाज बारीक झालेला. ख्यालीखुशाली नाही, मापही विचारलं नाही. म्हणाले, "बाबा सांगत होता, तू तिथं सगळं सांगून देल्लं म्हने."

"हो."

"माहं नाव भी सांगितलं?"

"हो. नाव सांगावंच लागलं."

"अना त्या पुस्तकात? माहं नाव पयलं हाये म्हनली होती."

"काढलं, गुरुजी."

पलीकडे कोणीतरी बादली आपटली, बहुधा गुरुजींच्या पत्नी, माई असतील. मला वाटलं आता रागावतील, आणि मी तयारीत होते. मला भांडायचंच होतं. तर ते शांतपणे म्हणाले, "बरोबर केलं तू. मी भी तेच केलं असतं."

मी फोन ठेवला. ते हे मनापासून बोलले की मी दुखावू नये म्हणून बोलले, मला ओळखता आलं नाही. त्यांच्या तोंडचं एखादं वाक्य खरं की खोटं, हे ओळखायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.